आरोग्याची शिदोरी : अंग काटकुळे, पोट पुढे

गेल्या पावसाळ्यात एक पन्नाशीचे शेतकरी हाताला विळा लागला म्हणून दवाखान्यात आले. पट्टी बांधताना सहज रक्तदाब पाहिला, तर १६०/१००. पुढे दोन वेळा तपासला, तरी तसाच. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझ्या अंगावर मूठभर मांस नाही. मला कसला बीपी? आणि मला काही होतही नाही."

हातपाय खरेच काटकुळे होते. पण सदऱ्याआडून पोट पुढे आलेले होते. त्यांना जे सांगितले, तेच वाचकहो, तुम्हालाही सांगतो.

चरबी दोन ठिकाणी साठते. एक कातडीखाली, ती चिमटीत सापडते. दुसरी आत, म्हणजे आतड्यांभोवती, मूत्रपिंडांभोवती आणि थेट हृदयावर. हृदयावर थोडी चरबी सर्वांनाच असते आणि ती उपयोगीही असते. पण ती वाढली की त्रास देते. तिच्या आणि हृदयाच्या स्नायूच्या मध्ये पडदा नसतो. त्यामुळे तिच्यातून पाझरणारी दाहक द्रव्ये हृदयाला आणि त्याच्या रक्तवाहिन्यांना बाधतात. पोटातली चरबीही रक्तवाहिन्या ताठ करते आणि मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावते. पाइप अरुंद झाला की मोटारीवर जोर येतो, तसाच जोर मग हृदयावर येतो. म्हणून हृदयाभोवती चरबी जास्त असणाऱ्यांत रक्तदाबही जास्त आढळतो.

बारीक माणसात ही चरबी असते का? असते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपल्या लोकांचा बांधाच असा आहे.

तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, माप घ्या. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० च्या आत असावा. जास्त भरला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासा. तिशीनंतर तर सर्वांनीच तपासावा. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही; एकदम लकवा किंवा हृदयविकारच गाठतो.

उपाय घरातच आहेत. माणशी दिवसाला एक लहान चमचा मीठ पुरे; लोणचे, पापड आणि ठेचा यांतले मीठही त्यातच धरा. तेल आणि साखर हात राखून वापरा. तंबाखू आणि मिश्री सोडा. नांगरणी ट्रॅक्टरने होते, शेतात जाणे मोटारसायकलवर. तेव्हा रोज अर्धा तास भरभर चाला. चालण्याने आणि वजन उतरण्याने हृदयावरची चरबीही कमी होते.

त्या गृहस्थांनी हे केले, गोळ्याही घेतल्या. संक्रांतीला आले तेव्हा रक्तदाब १३४/८४ होता. म्हणाले, "आता गोळी बंद करू ना?"

म्हटले, "पीक डोलू लागले म्हणून राखण सोडता का? डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही."