लाईट आली, तरी थोडं थांबा

शहापूर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याला चोंढे आहे, वर घाटमाथ्यावर घाटघर. दोन्हीकडे धरणं आणि डोंगराच्या पोटात 250 मेगावॅटचं वीजघर. विजेची मागणी कमी असली की पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची. वेळ बघून वीज वापरण्याचं काम इथं 2008 पासून चालू आहे.

घरात ते आता येतंय. 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर युनिटमागे सवलत मिळू लागली. दिवसा सौर वीज भरपूर असते. पण त्या वेळी घरात असतं कोण? आसनगावहून लोकल पकडणारा रात्री परततो, मुरबाडकडचा शेतावर किंवा एमआयडीसीत. म्हणजे टाकी भरणारी मोटार आपली आपण चालू व्हायला हवी.

इथेच मला काळजी वाटते. शेतातल्या मोटारींना लाईट आली की त्या आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच लागले ते गरजेपोटी. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून विहिरीवर कोण जाणार? शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. पण लाईट आली की एका डीपीवरचे, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे स्टार्टर एकदमच खट्ट करतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते, आणि ती बदलून मिळेपर्यंत उभं पीक वाळतं. महावितरण ऑटोस्विच काढायला सांगतं ते यासाठीच.

उद्या सगळ्या घरांनी टायमर 9 वाजताच लावला तर गावठाणातही हेच होईल. त्यामुळे नुसतं घड्याळ पुरणार नाही. प्रत्येक घराची मोटार काही मिनिटं मागेपुढे सुरू व्हावी, व्होल्टेज कमी असेल तर तिनं थांबावं. याला मोबाईलची रेंजही लागत नाही. व्होल्टेज घरातल्या सॉकेटवरच कळतं.

भारनियमनाच्या काळात अक्षय प्रकाश योजनेत गावांनी एकमतानं संध्याकाळी मोटारी, गिरण्या बंद ठेवल्या होत्या, घरात दिवा राहावा म्हणून. तसंच आता ग्रामसभेत डीपीनिहाय मोटारींची यादी करून पाळ्या ठरवाव्यात, आणि टायमर त्या पाळीप्रमाणेच लावावेत.