मिस्त्रीवर खापर कशाला?

‘नुसता नळ बदलायला बोलावलं, तर अख्खी भिंत फोडून ठेवली!’ सोसायटीच्या आवारात ही तक्रार नेहमी ऐकू येते. आणि निष्कर्षही ठरलेला: हे लोक मुद्दाम काम वाढवतात. मला हा आरोप मान्य नाही. लबाड माणसं प्रत्येक धंद्यात असतात. पण जुन्या घरात काम वाढतं ते बहुतेकदा भिंतीच्या आत आधीच बिघडलेलं असतं म्हणून.

जुन्या इमारतींत भिंतीत गाडलेली लाइन बहुधा जीआय पाइपाची असते. लोखंडावर जस्ताचा थर असतो म्हणून तो पाइप टिकतो. पण जोडणीसाठी पाइपाला आटे पाडले की नेमका तिथला थर खरवडला जातो आणि पत्राही पातळ होतो. गंज तिथूनच धरतो. बाहेर नळ चकचकीत दिसतो, आणि पाना लावून पिळला की आतल्या एल्बोचे आटे भुगा होऊन हातात येतात. आता भिंत न फोडता नवा नळ बसवायचा कशात? तरीही एमसील लावून वेळ मारून नेणारा आपल्याला ‘स्वस्तातला भला माणूस’ वाटतो. वास्तविक त्याचंच फावतं. चार महिन्यांनी त्याला परत बोलवावं लागतं.

‘पुट्टी मारा, रंग द्या, वर्ष निघेल’ हा सल्ला तर घातकच. छताला ओल आली की रंगाचे पोपडे सुटतात, ते वरवरचं. खरं नुकसान सळईचं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. रंगाखाली हे चालूच राहतं. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, आमच्याकडे तर कोरडं आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास-सिंकसारखी घरातली गळती सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, गच्चीची संस्थेने. हे माहीत असूनही खर्च कुणाचा यावर सभा होत राहतात आणि स्लॅब झिरपत राहतो.

म्हणून माझा आग्रह निदानाचा आहे. फोडाफोडीआधी घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघा. तरीही काटा फिरत असेल तर गळती पाण्याच्या लाइनीत आहे. काटा स्थिर असेल तर न्हाणी ट्रॅपचं तोंड बुजवून मोरीत पाणी भरा, चोवीस तास ठेवा आणि खालच्या छताकडे लक्ष द्या. कोब्यात मुरलेलं पाणी उशिरा उतरतं, घाई करू नका. या तपासणीचे पैसे मिस्त्रीला वेगळे द्या, कारण ते त्याच्या कौशल्याचं काम आहे. मग फोडायचं तेवढंच फोडलं जातं. नवी लाइन टाकल्यावर प्लास्टर करण्याआधी दाब देऊन तपासून घ्या, आणि टेप लावून फोटो काढून ठेवा: जमिनीपासून पाइप किती उंचीवर, कोपऱ्यापासून किती अंतरावर. पुढच्या दुरुस्तीत त्याच फोटोवरून मिस्त्री दोनच टाइल्स काढेल.