ढोलाचा ठोका कॉम्प्युटरला कळतो, मग झांजेचा का कळत नाही?

महाराष्ट्र सरकारने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला. उत्सव म्हटला की मिरवणूक आली आणि सातारा-सांगलीकडे मिरवणूक म्हटली की झांजपथक. त्याचे व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर येत असतील. अनेकदा त्यात ढोल फाटलेला ऐकू येतो आणि झांज नुसती खरखरते.

असं रेकॉर्डिंग सुधारण्याचा एक मार्ग म्हणजे ठोक्यांचं 'मिडी'त रूपांतर करून त्या जागी चांगले आवाज बसवणं. ढोलाच्या बाबतीत हे बऱ्यापैकी जमतं. झांजेला मात्र जमत नाही. असं का?

मिडी म्हणजे नेमकं काय?

मिडी ही वाद्यं आणि कॉम्प्युटर यांना जोडणारी भाषा. ती १९८३ मध्ये वापरात आली. मिडीमध्ये आवाज नसतोच, फक्त सूचना असते: कोणता सूर, कधी आणि किती जोरात. जोर मोजायला १ ते १२७ असे आकडे असतात. बँजो पार्टीतल्या ऑक्टापॅडवर काठी पडते, तेव्हाही आत अशीच सूचना तयार होते आणि साठवलेला आवाज वाजतो.

रेकॉर्डिंगमधून मिडी काढताना सॉफ्टवेअर आवाजाची अचानक आलेली उसळी शोधतं. उसळी ठरावीक पातळीच्या वर गेली की तो एक ठोका.

झांजेपाशी गाडी कुठे अडते?

पहिली अडचण घुमण्याची. ढोलाचा ठोका उठतो आणि लगेच खाली बसतो. झांज एकदा वाजली की काही सेकंद घुमत राहते. लय मिनिटाला १२० मात्रांची असेल आणि मात्रेत चार ठोके असतील, तर दर ०.१२५ सेकंदाला एक ठोका पडतो. म्हणजे आधीचा घुमत असतानाच पुढचा येतो. उसळीची पातळी खाली ठेवली तर सॉफ्टवेअर नुसत्या थरथरीलाही ठोका समजतं. वर ठेवली तर हलके ठोके गळतात.

दुसरी अडचण जोराची. नवा ठोका जुन्या घुमण्यावर चढतो, त्यामुळे हलका ठोकाही जोराचा भासतो आणि आकडा चुकतो.

तिसरी अडचण वाजवण्याच्या पद्धतीची. झांज मोकळी वाजवतात, दाबून बंद करतात, कडेला कड घासतात. हे तिन्ही आवाज वेगळे, पण सॉफ्टवेअरच्या लेखी तिन्ही नुसत्या उसळ्या. शिवाय पथकात अनेक जोड एकत्र वाजतात आणि ते सगळे अगदी एकाच क्षणी पडत नाहीत. त्या किंचित मागे-पुढे होण्यातूनच पथकाचा भरदार आवाज तयार होतो. मिडीत त्याचा एकच ठोका उरतो.

मग नवी झांज वरून वाजवली तर?

तरी जुनी जात नाही. झांजेचा तीक्ष्ण आवाज ढोलासमोरच्या माइकमध्येही शिरलेला असतो. नवी झांज बसवली की दोन्ही एकदम ऐकू येतात आणि ठोका दुहेरी वाटतो.

यावर उपाय काय?

स्टुडिओत ड्रमसेटच्या बाबतीत रूढ असलेली पद्धत इथेही चालते. बदलायचा तो ढोल बदला, झांज मूळचीच ठेवा. झांज बदलणं भागच असेल, तर खालचे सूर गाळून फक्त वरचा आवाज ठेवा, ठोके कानाने ऐकून हाताने खुणा करा आणि मोकळ्या, दाबलेल्या व घासलेल्या ठोक्यांना वेगवेगळे सूर द्या. यात वेळ जातो, पण सगळं सॉफ्टवेअरवर सोपवण्यापेक्षा हे बरं.

सर्वांत सोपा उपाय मात्र रेकॉर्डिंगच्या आधीचा आहे. झांजेसाठी वेगळा माइक ठेवा. तो ढोलापासून लांब आणि पथकापासून थोडा उंचावर असू द्या. मिरवणुकीत हे जमत नसेल, तर सरावाच्या वेळी तेच बोल फक्त झांजेवर वाजवून घ्या.

याचा संबंध फक्त आवाजाच्या दर्जाशी नाही. झांज वाजवणाऱ्यांनी महिनोन् महिने घटवलेला हात मिडीच्या आकड्यात उतरत नाही. मूळ झांज पुसली, तर व्हिडिओत पथक आपल्याच गावचं दिसेल, पण कानावर येणारा आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरमधला असेल. त्यामुळे 'आवाज साफ करून देतो' असं कुणी म्हटलं, तर पथकाने आधी विचारावं: झांज आमचीच ठेवणार ना?