वाट मराठीत, मुख यरुशलेमकडे

१/६
सुप्याच्या शिवारात वाट विचारली, तर उत्तर 'वरल्या अंगाला', 'उगवतीकडे', 'ओढ्यापल्याड' असेही मिळते. दिशा भूमी शिकवते. म्हणूनच एखाद्या समाजात हिब्रू शब्द किती उरले, यावरून त्याचे मूळ वा परकेपण मोजणे ही सदोष पद्धत आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज याचे उत्तम उदाहरण होय.

२/६
हिब्रूत पूर्व म्हणजे 'मिझ्राह', उगवण्याची जागा. पश्चिम म्हणजे 'माआराव'. त्याचे नाते 'एरेव' म्हणजे संध्याकाळ या शब्दाशी. मराठीची उगवत-मावळत हीच! प्राचीन हिब्रूत 'यामीन' म्हणजे उजवी बाजू आणि दक्षिणही; संस्कृत 'दक्षिण' शब्दालाही हेच दोन अर्थ. मात्र यावरून दोन भाषांचे गोत्र जुळवण्याची घाई नको. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या कुणाच्याही उजव्या हाताला दक्षिणच येते.

३/६
'याम' म्हणजे समुद्र. बायबलच्या हिब्रूत याच शब्दाने पश्चिम दिशाही दर्शवली जाते, कारण त्या भूमीच्या पश्चिमेस भूमध्य समुद्र आहे. कोकणातही समुद्र मावळतीलाच. तरीही बेने इस्राएलांची रोजची भाषा मराठी झाली. हिब्रूचे स्थान मुख्यतः प्रार्थनेत राहिले.

४/६
प्रार्थना यरुशलेमकडे मुख करून होते. युरोपातील ज्यूंसाठी ती दिशा पूर्व. म्हणून तिथे प्रार्थनेच्या दिशेलाच 'मिझ्राह' म्हणू लागले. महाराष्ट्रातून यरुशलेम पश्चिमेकडे आहे. १७९६ साली सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत सिनेगॉग उभारले. तिथल्या भाविकांना युरोपातील तो शब्द जसाच्या तसा लागू करता, तर त्यांची पाठच यरुशलेमकडे झाली असती.

५/६
या समाजाचा ठावठिकाणा आडनावांत आहे : किहीमकर, पेणकर, रोहेकर, नागावकर. अलिबागेत इस्रायल आळी आहे. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली, तेव्हा 'कर' हा प्रत्ययही त्यांच्यासोबत गेला. किहीम मागे राहिले, किहीमकर पुढे गेले.

६/६
दिमोना, लोद येथील नव्या पिढ्या आता हिब्रूत वाट सांगतात. यात खंत करण्याजोगे काही नाही, पूर्वजांनी कोकणात हेच केले होते. खंत आहे ती दुर्लक्षाची. वृद्धांच्या तोंडची 'इकडे', 'पल्याड', 'खालच्या आळीत' ही मराठी ध्वनिमुद्रित करणे, हे शिलालेख वाचण्याइतकेच इतिहासाचे काम आहे. शिलालेख वाट पाहू शकतो; माणसाचा आवाज नाही.