बसवण्याआधी काढायला शिका



मध्यंतरी महाबळेश्वरला एका ताईंकडे बसलो होतो. पाच खोल्यांचा होमस्टे, जोडीला सीझनमध्ये स्ट्रॉबेरीचा जॅम. त्यांना दोन वर्षांपूर्वीचं एक बिल हवं होतं. तिथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे, वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर. कपाटातल्या कागदांना बुरशी येते, म्हणून त्यांनी सगळं स्कॅन करून ठेवलं होतं. पण फायलींची नावं काय, तर 'स्कॅन १', 'नवीन', 'नवीन फायनल'. पाऊण तास शोधाशोध चालली. आणि हे कागद हौसेचे नाहीत बरं का. जीएसटी नोंदणी असेल तर वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ते सांभाळावेच लागतात.

अशा वेळी कुणीतरी महिन्याला पैसे घेणारी सिस्टीम गळ्यात मारतं. माझं स्पष्ट मत आहे, सुरुवातीला त्याची गरज नाही. उबुंटूवर 'रिकॉल' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते तुमच्या फायली आतून वाचतं आणि कुठला शब्द कुठल्या फायलीत आहे याची सूची करून ठेवतं, जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी. नेट गेलं तरी शोध चालतो. पावसाळ्यात डोंगरावर धंदा करणाऱ्याला यापेक्षा अजून काय पाहिजे?

टर्मिनल उघडायचं आणि लिहायचं: सुडो ॲप्ट इन्स्टॉल रिकॉल. (स्पेलिंग व्हिडिओत दाखवलंय.) पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीच उमटलं नाही, तरी कीबोर्ड बिघडलेला नाही. पहिली सूची तयार व्हायला वेळ लागतो, तोवर चहा घ्या.

आता दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. स्कॅन म्हणजे फोटो, त्यात अक्षरं नसतात. त्यासाठी 'टेसरॅक्ट' आणि त्याचं मराठी भाषा-पॅक टाकून रिकॉलच्या सेटिंगमध्ये ओसीआर चालू करावं लागतं. दुसरी अडचण खास आपली. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं डोळ्याला मराठी दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी तो भलताच मजकूर असतो. युनिकोडमध्ये शोधलं तर शून्य निकाल. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि हो, मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतो. 'व्यापारी' शोधलं तर 'व्यापाऱ्याला' सापडणार नाही. 'व्यापा' लिहून पुढे चांदणी टाका, म्हणजे दोन्ही येतील.

इथपर्यंत सगळे शिकवतात. काढायचं कसं, हे कुणी सांगत नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे.

सुडो ॲप्ट रिमूव्ह रिकॉल म्हटलं की लोकांना वाटतं, झालं. नाही झालं! रिकॉल दोन-तीन पॅकेजेसचं मिळून असतं, म्हणून पाठोपाठ सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह द्यावं लागतं. आणि तरीही तुमच्या होम फोल्डरमध्ये 'डॉट रिकॉल' नावाचं लपलेलं फोल्डर राहतंच. 'पर्ज' दिलं तरी राहतं, कारण ॲप्ट तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाही. त्या फोल्डरमध्ये सूची असते, आणि सूचीत नुसते शब्द नाहीत, कागदांमधला मजकूरही साठवलेला असतो. ओसीआर चालू असेल तर पाहुण्यांच्या आधारकार्डावरची नावं, पत्ते, नंबर सगळं त्यात आलं. तुम्ही मूळ स्कॅन पुसलेत, सॉफ्टवेअर काढलंत, कॉम्प्युटर सेकंडहँडमध्ये विकलात, आणि पाहुण्यांची माहिती गेली तिसऱ्याच्या हातात. पाहुण्यानं विश्वासानं दिलेला कागद आहे तो.

हे फोल्डर कमांडनं पुसता येतं, पण नवशिक्यांनी त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. त्या कमांडमध्ये एक स्पेस चुकीच्या जागी पडली तर अख्खं होम फोल्डर साफ होऊ शकतं. बिलं, फोटो, सगळं. त्यापेक्षा फायलींची विंडो उघडा, कंट्रोल-एच दाबा, लपलेली फोल्डरं दिसतील. 'डॉट रिकॉल' डिलीट करा, मग कचरापेटीही रिकामी करा. तुमच्या मूळ फायलींना यानं धक्का लागत नाही. मशीन विकायचंच असेल तर मात्र एवढ्यावर थांबू नका, डिस्क पूर्ण पुसून द्या.

ताईंकडे आम्ही पाहुण्यांच्या ओळखपत्रांचं फोल्डर सूचीतून वगळलं, फक्त बिलं आणि पत्रव्यवहार ठेवला. रिकॉलच्या सेटिंगमध्ये कुठली फोल्डरं वाचायची, कुठली नाही, ते ठरवता येतं. हे काम पहिली सूची बनण्याआधी करा.