सरमिसळीचे माप

आपल्या नगरपालिका कचऱ्याचा हिशेब टनांत देतात आणि आपणही तो टनांतच ऐकतो. प्लास्टिकच्या बाबतीत हे माप फसवे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकाच जातीच्या शंभर किलो बाटल्या आणि अनेक जातींच्या प्लास्टिकची शंभर किलो सरमिसळ यांचे वजन सारखेच. परंतु पहिल्या ढिगाला भंगारवाला रोख पैसे मोजतो आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

ही सरमिसळ मोजता येते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचे माप 'बिट' या एककात मांडले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील डाह्मस व गुटोव्स्की यांनी २००७ साली तेच माप टाकाऊ वस्तूंना लावले. द्रव्य एकच असेल तर माप शून्य. दोन द्रव्ये समप्रमाणात असतील तर एक बिट. चार असतील तर दोन. म्हणजे प्रत्येक तुकड्याची जात ओळखण्यासाठी 'होय की नाही' असे तितके प्रश्न विचारावे लागतात, आणि प्रत्येक प्रश्नाला श्रम व पैसा पडतो.

शिवाय सर्वच प्रश्न सारखे सोपे नसतात. पाण्यात पॉलिएथिलीन तरंगते, पेट बुडते, निवाडा झाला. पण पीव्हीसीही पेटबरोबरच बुडते, आणि ती किंचित जरी राहिली तरी वितळविताना आम्ल सुटून पेट नासते. वेफर्सच्या पाकिटात तर प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा लेप एकजीव झालेले असतात. तेथे प्रश्न विचारूनही उपयोग नाही. २०१५ पर्यंत जगात निर्माण झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी केवळ ९ टक्के पुनर्वापरात आला, यात नवल ते काय?

केंद्र सरकारने २०२२ साली उत्पादकांवर जबाबदारी टाकली आणि वेष्टनांची वर्गवारी केली, हे स्वागतार्ह आहे. परंतु हिशेब अखेर वजनाचाच राहिला. सरमिसळ ठरते कारखान्यात, आराखड्याच्या मेजावर. ती निवडण्याचे कष्ट मात्र पडतात उकिरड्यावर वाकलेल्या कचरावेचक भगिनींच्या वाट्याला. हा अन्याय आहे. वेष्टन जितके गुंतागुंतीचे तितका उत्पादकावरील आकार अधिक, असा नियम सरकारने करावा आणि त्यातून येणारा पैसा निवडणाऱ्या हातांपर्यंत पोचवावा. नागरिकांनीही घरातली सरमिसळ थांबवावी, हे ओघानेच आले.

ज्याने गुंता केला त्यानेच तो सोडविण्याचे मोल द्यावे, हा न्याय आपल्या घरात चालतो. तो बाजारात का चालू नये?