गुडघ्यांचा प्रश्न

एप्रिलमध्ये आमच्या लेडीज होस्टेलच्या बोर्डावर नोटीस लागली. हाफ पँट किंवा थ्री-फोर्थ घालून मेसमध्ये येऊ नये. कारण दिलेलं नव्हतं.

मला माझी लहानपणची निळी हाफ पँट आठवली. पप्पा सैन्यात. मी दुसरी-तिसरीत असताना त्यांचं पोस्टिंग भूतानमध्ये होतं, 'हा' नावाच्या गावी (हो, गावाचं नावच 'हा'!). भारतीय सैन्याचं प्रशिक्षण पथक १९६२ पासून तिथे आहे. उंची सुमारे २७०० मीटर, त्यामुळे उन्हाळा फक्त दुपारपुरता. सकाळी स्वेटर, दुपारी हाफ पँट, संध्याकाळी पुन्हा स्वेटर. आई म्हणायची, ऊन आहे तोवर पाय शेकून घे. तिथले पुरुष 'घो' घालतात, तो गुडघ्यापर्यंतच असतो. साहेब खुर्चीत बसले की गुडघे दिसायचे, आणि ऑफिस व्यवस्थित चालायचं!

मग मे महिन्यात सुट्टीला गगनबावड्याला आलो. त्याच हाफ पँटीत अंगणात उतरले तर आजी म्हणाली, "पोरी, गुडघं झाक की. माणसं काय म्हणतील?" त्या वर्षी मी आणि आई जुलैपर्यंत राहिलो. गगनबावड्याचा पाऊस काय असतो ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. रोपलावण सुरू झाली आणि आजी लुगडं गुडघ्याच्या वर खोचून, डोक्यावर इरलं घेऊन चिखलात उभी! मी लगेच विचारलं, "आजी, तुझं गुडघं?" ती म्हणाली, "चिखलात लुगडं सोडून कोण उभारतंय व्हय?"

बरोबरच होतं तिचं. कामाला कारण होतं. आपल्या वर्कशॉपमध्येही लेथजवळ ओढणी चालत नाही, कारण ती चकमध्ये अडकली तर जीव जाईल. हा नियम एकाही मुलीला जाचक वाटत नाही.

पण कारण सोडून नुसता नियम उरला की काय होतं, तेही भूतानमध्येच घडलं. १९८९ मध्ये राष्ट्रीय पोशाख सगळ्यांना सक्तीचा झाला. डोंगरातल्या थंडीचे ते जाड कपडे दक्षिणेकडच्या गरम सखल भागातल्या नेपाळीभाषक लोकांनाही घालावे लागले. तिथल्या असंतोषाला इतरही मोठी कारणं होती, पण त्यांच्या तक्रारींत हा पोशाखही होता.

आमची नोटीस एवढी मोठी नाही, मान्य. तरी रेक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मेसमध्ये बाहेरची माणसं असतात." बाहेरची म्हणजे वाढपी काका आणि सिलिंडरवाला. हेच काका बॉईज मेसमध्येही वाढतात, आणि तिथे अर्धं होस्टेल बर्म्युडावर जेवतं. तिथल्या बोर्डावर मी मुद्दाम एका वर्गमित्राला बघायला सांगितलं. रविवारच्या फीस्टची नोटीस होती, म्हणाला.